‘डिसर्निंग’ या विशेषणाला मराठीत नेमकं काय म्हणावं?

शाईदौत:

एका भाषांतरात ‘डिसर्निंग’ हे विशेषण पुन्हा पुन्हा येतंय आणि दर वेळी अडायला होतंय. शब्दकोशात विवेकी, सूक्ष्मदर्शी, चाणाक्ष, पारखी असे प्रतिशब्द आहेत, पण यातला एकही सगळीकडे बसत नाही. नमुन्यादाखल चार वाक्यं देतो:

‘अ डिसर्निंग रीडर विल नोटिस दॅट द लास्ट चॅप्टर वॉज रिटन इन अ हरी.’
‘शी हॅज अ डिसर्निंग इअर.’
‘देअर इज नो डिसर्निंग डिफरन्स बिट्वीन द टू ड्राफ्ट्स.’
‘अ डिसर्निंग वॉच फॉर एव्हरी ऑकेजन.’

तिसरं आणि चौथं वाक्य मला मुळातच खटकतंय, पण नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही. शिवाय ‘पिकी’, ‘सिलेक्टिव्ह’, ‘डिस्क्रिमिनेटिंग’ यांच्यापासून हा शब्द कुठे वेगळा होतो? उच्चाराबद्दलही सांगा; काही जण ‘डिस्कर्निंग’ म्हणतात.

---

धातुपाठ:

उच्चार आधी उरकून टाकू. ‘दि-सर्-निंग’, आघात मधल्या ‘सर्’वर. स्पेलिंगमध्ये एस-सी असं जोडीने येतं, पण पुढे ई आल्यामुळे तिथे नुसता ‘स’ ऐकू येतो. ‘सीन’ आणि ‘सायन्स’ या शब्दांत होतं तेच. ‘क’ कुठेच नाही. जुन्या शब्दकोशांत ‘डिझर्न’ असाही उच्चार दिलेला असतो, पण आज ‘स’च चालतो.

आता अर्थ. तो पक्का बसवायचा असेल तर मुळाशी जावं लागेल, कारण या शब्दाचं मूळ आजही त्याच्या वापरात जिवंत आहे. लॅटिनमध्ये ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणं, वेगळं काढणं. त्याला ‘दिस्’ म्हणजे ‘अलग’ हा उपसर्ग लागून ‘दिस्केर्नेरे’ झालं. ते जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आलं. चाळणीला लॅटिनमध्ये ‘क्रीब्रुम’ म्हणतात, तोही याच कुळातला. ‘क्रिटिक’, ‘क्रायटेरिअन’ आणि ‘क्रायसिस’ हे ग्रीकमधून आलेले शब्द दूरचे भाऊबंद. ‘डिस्क्रीट’ (जपून बोलणारा) आणि ‘डिस्क्रीट’ (सुटासुटा), हे उच्चाराने एक आणि स्पेलिंगने वेगळे असलेले दोन शब्द तर ‘दिस्केर्नेरे’च्याच भूतकालवाचक धातुसाधितातून निघालेत.

म्हणजे ‘डिसर्निंग’च्या पोटात ‘चांगलं आवडणं’ नाही, ‘वेगळं काढता येणं’ आहे. ज्याला चांगलंच आवडतं तो शौकीन असू शकतो. चांगलं आणि चांगल्यासारखं दिसणारं यांतला फरक ज्याला कळतो, तो डिसर्निंग.

संस्कृतमध्ये हीच प्रतिमा ‘विवेक’ या शब्दात आहे. ‘विचिर् पृथग्भावे’ असा धातू पाणिनीय धातुपाठात रुधादि गणात येतो. अर्थ तोच, वेगळं करणं. दोन्ही धातू एकच आहेत असं मात्र समजू नका. कूळ वेगळं, कल्पना एक. ‘नीरक्षीरविवेक’ या समासात तो मूळ अर्थ अजून स्वच्छ दिसतो. एकट्या ‘विवेक’ शब्दात तो मागे पडलाय आणि सारासार विचार, संयम, नीती हे अर्थ पुढे आलेत. तुम्हाला ‘विवेकी’ सगळीकडे बसत नाही ते यामुळेच.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो आपला ‘निवडणं’ हा साधा शब्द. त्याचे दोन अर्थ आहेत. पाच वस्तूंतून एक घेणं हे निवडणं, आणि धान्यातून खडे काढणं हेही निवडणंच. ‘चूझी’ माणूस पहिल्या अर्थाने निवडतो. ‘डिसर्निंग’ माणूस दुसऱ्या अर्थाने: आधी त्याला खडा ओळखू आला पाहिजे.

---

कच्चाखर्डा:

वर मूळ उत्तम सांगितलंय, मी भाषांतराच्या बाजूने लिहितो.

‘डिसर्निंग’ला एकच प्रतिशब्द शोधत बसू नका. पुढचं नाम कोणतं आहे ते पाहा आणि मराठी त्या नामासोबत कोणतं विशेषण आपणहून वापरते ते घ्या. मी असे लावतो:

रीडर, कस्टमर, व्ह्यूअर: चोखंदळ.
आय: पारखी नजर. ‘पारखी डोळा’ नको. मराठीत पारख नजरेला असते.
इअर: तयार कान.
ऑडियन्स: जाणकार किंवा दर्दी. गाण्याच्या मैफिलीला ‘दर्दी’, व्याख्यानाला ‘जाणकार’.
क्रिटिक: मर्मज्ञ. समीक्षक बारकाईने काम करणारा आहे असं सांगायचं असेल तर ‘साक्षेपी’.
कलेक्टर: पारखी.
हार्ट, माइंड: इथे ‘विवेकी’ किंवा ‘विवेकबुद्धी’ शोभतं.

शेवटच्या प्रकाराचं ठळक उदाहरण बायबलच्या इंग्रजी अनुवादांत मिळतं. राजा सॉलोमन देवाकडे जे मागतो, त्याला १६११ च्या किंग जेम्स अनुवादात ‘अंडरस्टँडिंग हार्ट’ म्हटलंय आणि काही आधुनिक अनुवादांत ‘डिसर्निंग हार्ट’. बरं-वाईट वेगळं ओळखून न्याय करता यावा, हे ते मागणं आहे. तिथे ‘चोखंदळ मन’ लिहिलं तर अर्थाचा पार विचका होईल.

आता तुमचं पहिलं वाक्य. शब्दाला शब्द ठेवला तर असं होतं:

‘एक विवेकी वाचक लक्षात घेईल की शेवटचे प्रकरण घाईत लिहिले गेले होते.’

यात चार ठिकाणी इंग्रजी उघडं पडतं. ‘एक’ हे ‘अ’चं भाषांतर आहे, मराठीत जातिवाचक बोलताना ते लागत नाही. ‘विवेकी’मुळे वाचक संयमी वाटतो, जाणकार वाटत नाही. ‘लक्षात घेईल’ म्हणजे विचारात घेईल, ‘नोटिस’ म्हणजे लक्षात येणं. एवढ्या एका क्रियापदाने अर्थ फिरतो. आणि ‘लिहिले गेले होते’ हा कर्मणी प्रयोग कुणी बोलत नाही. आता हे पाहा:

‘शेवटचं प्रकरण घाईत उरकलंय, हे चोखंदळ वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.’

इथे ‘डिसर्निंग’चा अर्धा भार ‘चोखंदळ’ने उचललाय आणि अर्धा ‘नजरेतून सुटत नाही’ने. हे मुद्दाम दाखवतोय, कारण अर्थ विशेषणातच कोंबायचा असा काही नियम नाही. ‘जाणत्याला लगेच कळतं’, ‘ज्याला फरक कळतो त्याला’, ‘बारकाईने वाचणाऱ्याला’ अशा रचनांत विशेषण न वापरताही तो पूर्ण येतो, आणि पुष्कळदा अधिक सहज येतो.

दुसरं वाक्य सरळ आहे: ‘तिचा कान तयार आहे.’ यात ‘डिसर्निंग’मधली एक छटा आपसूक येते, ती म्हणजे हा गुण कमावलेला असतो. कान जन्मतः तीक्ष्ण असेल, पण ‘तयार’ तो ऐकून ऐकूनच होतो. दोन ध्वनिमुद्रणं ऐकून ‘पहिलं जास्त आवडलं’ म्हणणं ही आवड झाली. ‘दुसऱ्यात एक तार किंचित उतरली आहे, म्हणून ते फिकं वाटतंय’ हे ज्याला ऐकू येतं, त्याचा कान डिसर्निंग.

---

खिळाजुळारी:

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात काय बिघडलंय ते सांगतो. दोन्ही चुका फार सार्वत्रिक आहेत.

तिसऱ्या वाक्यात शब्दच चुकलाय. तिथे ‘डिसर्निबल’ हवं. ‘डिसर्निंग’ म्हणजे फरक ओळखणारा आणि ‘डिसर्निबल’ म्हणजे ओळखू येण्याजोगा. फरक स्वतः काही ओळखत नाही, तो ओळखला जातो. म्हणून ‘नो डिसर्निबल डिफरन्स’: ‘दोन्ही खर्ड्यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही.’ मराठीत ‘दर्शक’ आणि ‘दर्शनीय’ यांत जे नातं आहे तेच या दोघांत आहे. ‘डिसर्निबल’च्या स्पेलिंगमध्ये ‘-आयबल’ आणि ‘-एबल’ दोन्ही आढळतात, पण ‘आय’वालं जास्त रूढ आहे, तेच वापरा.

चौथ्या वाक्यात विशेषण भलत्याच नामाला चिकटलंय. घड्याळ डिसर्निंग असू शकत नाही, घड्याळ घेणारा असू शकतो. हे विशेषण तीन प्रकारच्या नामांना लागतं. एक, माणसं: वाचक, ग्राहक, श्रोते. दोन, पारख करणारं इंद्रिय किंवा शक्ती: डोळा, कान, जीभ, अभिरुची, बुद्धी. तीन, त्या पारखेतून निघालेलं बौद्धिक काम: परीक्षण, विश्लेषण, टीका. ‘अ डिसर्निंग रिव्ह्यू’ हे बरोबर आहे, कारण परीक्षणात लिहिणाऱ्याची नजर दिसते. जी वस्तू पारखली जाते तिला मात्र हे विशेषण कधीच नाही. ‘अ वॉच फॉर द डिसर्निंग बायर’ केलं की वाक्य सरळ होतं.

शंका आली तर एक कसोटी लावा. नामाला विचारा, ‘तू कशातून काय वेगळं ओळखतोस?’ वाचक उत्तर देऊ शकतो: भरीव लेखनातून पोकळ लेखन. कान देऊ शकतो. घड्याळाकडे उत्तर नाही, फरकाकडेही नाही.

अजून काही बारकावे, जे मुद्रितशोधनात वारंवार लागतात:

शब्दयोगी अव्ययं ‘अबाउट’ किंवा ‘इन’. ‘शी इज डिसर्निंग अबाउट व्हॉट शी रीड्स’, ‘डिसर्निंग इन हिज चॉइस ऑफ वर्ड्स’. मराठीच्या वळणाने ‘डिसर्निंग टु’ लिहिलं जातं, ते चूक.

तर-तम भाव ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावून करायचा.

क्रियापदाला ‘-इंग’ लागताना शेवटचा एन दुप्पट होत नाही. शब्दाच्या शेवटच्या उच्चारखंडावर आघात असला आणि एकट्या स्वरानंतर एकटं व्यंजन आलं, तरच ते दुप्पट होतं, जसं ‘बिगिनिंग’मध्ये. इथे शेवटी आर आणि एन अशी दोन व्यंजनं आहेत.

क्रियाविशेषण ‘डिसर्निंगली’ आहे, पण जड जातं. ‘विथ डिसर्न्मेंट’ जास्त सुबक.

आणि मूळ क्रियापद ‘डिसर्न’ याला दोन अर्थ आहेत हे विसरू नका. धुक्यात अंधुक आकृती ओळखू येणं, हा पाहण्याचा अर्थ. खरं-खोटं वेगळं ओळखणं, हा पारखेचा. ‘डिसर्निंग’ विशेषण झालं की बहुतेक सगळा रोख दुसऱ्या अर्थावर येतो, ‘डिसर्निबल’मध्ये मुख्यतः पहिल्यावर. दोघांची गल्लत होते तिचं कारण हेच आहे. पाहण्याच्या अर्थी हे क्रियापद ‘ही इज डिसर्निंग अ शेप’ असं चालू काळात सहसा येत नाही. ‘कॅन’ किंवा ‘कुड’ घेऊन येतं.

---

समासचिन्ह:

कच्चाखर्डा यांची यादी पटली, फक्त तिच्यात ‘रसिक’ कसा नाही? ‘डिसर्निंग ऑडियन्स’ म्हणजे रसिक श्रोते, असं सर्रास लिहिलं जातं.

---

कच्चाखर्डा:

मुद्दाम टाळलाय. ‘रसिक’ म्हणजे रस घेणारा. त्यात आस्वाद आहे, पारख असेलच असं नाही. मनापासून दाद देणारा श्रोता रसिक असतो. कुठे दाद द्यायची नाही हेही ज्याला कळतं तो जाणकार. ‘डिसर्निंग’मध्ये नाकारण्याची बाजू तितकीच महत्त्वाची आहे आणि ‘रसिक’मध्ये ती अजिबात नाही. ‘गुणग्राहक’चंही तसंच, तो गुण घेतो, दोषांबद्दल काही सांगत नाही. संदर्भ निव्वळ कौतुकाचा असेल तर ‘रसिक’ चालून जाईल, पण वाक्यात ‘विल नॉट बी फूल्ड’सारखं काही पुढे येणार असेल तर तो शब्द उघडा पडतो. फसवला न जाणारा रसिक असं आपण म्हणत नाही. फसवला न जाणारा पारखी म्हणतो.

‘सुज्ञ’ही त्याच कारणाने सोडला. ‘सुज्ञ वाचक’ हे संबोधन इतकं वापरून गुळगुळीत झालंय की त्यातून आता फक्त आर्जव ऐकू येतं. (आणि तो ऱ्हस्व ‘सु’ आहे, दीर्घ नाही.)

---

धातुपाठ:

शेजारच्या शब्दांचा प्रश्न राहिला होता. तुम्ही विचारलेल्या तिघांपैकी ‘डिस्क्रिमिनेटिंग’ सर्वांत नाजूक, म्हणून त्याच्यावर थोडं जास्त लिहितो.

‘डिस्क्रिमिनेटिंग’ हा सख्खा भाऊ. अर्थ जवळजवळ तोच: बारीक फरक ओळखणारा. ‘अ डिस्क्रिमिनेटिंग पॅलेट’ ही अजूनही स्तुतीच आहे. पण त्याच क्रियापदाचा ‘भेदभाव करणे’ हा अर्थ एवढा प्रबळ झालाय की वाचक क्षणभर अडखळतो. इथे सगळा अर्थ शब्दयोगी अव्ययावर फिरतो. ‘डिस्क्रिमिनेट बिट्वीन’ म्हणजे दोहोंतला फरक ओळखणं, ‘डिस्क्रिमिनेट अगेन्स्ट’ म्हणजे कुणाविरुद्ध पक्षपात करणं. ‘डिस्क्रिमिनेटरी’ हे रूप तर कायम दोषवाचकच. स्वतः इंग्रजीत लिहिताना गोंधळाची जरा जरी शक्यता वाटली तरी ‘डिसर्निंग’ घ्या, त्याला ही दुसरी बाजू नाही.

‘सिलेक्टिव्ह’ फक्त कृती सांगतो: हा सरसकट घेत नाही, निवडून घेतो. निकष चांगला आहे की वाईट यावर तो मूग गिळून बसतो. ‘सिलेक्टिव्ह मेमरी’ म्हणजे सोयीचं तेवढंच लक्षात ठेवणं. तिथे ‘डिसर्निंग’ घातलं तर अर्थ उलटा होईल.

‘पिकी’ आणि ‘फसी’ यांत तक्रार आहे. नाकं मुरडणारा, खुसपटं काढणारा. नाकारण्यामागे समजच असेल असं नाही. ‘फस्टिडिअस’ दोहोंच्या मध्ये बसतो. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी ‘किळस, तिटकारा’ आहे, आणि त्यामुळे त्यात बारकाईसोबत सहज समाधान न होणं येतं.

‘जुडिशस’ निर्णयाला लागतो: तारतम्याने केलेला. मराठी ‘विवेकी’ खरं तर याच्याशी जास्त जुळतो. ‘परसेप्टिव्ह’ माणसांच्या मनातलं, न बोललेलं ओळखतो. ‘अस्ट्यूट’ आणि ‘श्रूड’ यांत व्यवहाराची, स्वतःचा फायदा कळण्याची धार आहे. ‘चाणाक्ष’ तिथे ठेवावा. शब्दकोशाने तो ‘डिसर्निंग’पुढे दिला असला तरी ‘चाणाक्ष वाचक’ म्हटलं की रहस्यकथेचा उलगडा आधीच करणारा डोळ्यांपुढे येतो.

‘रिफाइन्ड’ संस्कारित, घोटीव. अभिरुची रिफाइन्ड असते तशी वागणूकही असते. डिसर्निंग वागणूक असा प्रयोग होत नाही.

---

शाईदौत:

फार उपयोग झाला. नामानुसार शब्द बदलायचा हे पटलं, आणि ‘कशातून काय’ ही कसोटी तर लगेच लागू पडली. दोन शंका उरल्या. ‘चोखंदळ’मध्येही ‘पिकी’ची छटा नाही का? आणि याच पुस्तकात ‘अनडिसर्निंग’ आणि ‘इंडिस्क्रिमिनेट’ दोन्ही येतात, त्यांना वेगळं कसं ठेवू?

---

खिळाजुळारी:

‘चोखंदळ’ची छटा त्याच्या जागेवर ठरते. नामाच्या आधी आला की बहुधा स्तुती: ‘चोखंदळ वाचक’. वाक्याच्या शेवटी विधेय म्हणून, त्यातही ‘फार’ किंवा ‘भलता’ लागून आला की तक्रार: ‘कपड्यांच्या बाबतीत तो फार चोखंदळ आहे.’ म्हणून इंग्रजीत ‘ही इज व्हेरी डिसर्निंग अबाउट बुक्स’ असं विधेय असेल तर शब्दच बदला: ‘पुस्तकांची त्याला चांगली पारख आहे.’ विशेषणाचं नाम केलं की तक्रारीचा सूर जातो.

उत्तम पुरुषातही जपा. ‘आय अ‍ॅम अ डिसर्निंग रीडर’ इंग्रजीतही आत्मस्तुती वाटते, हे विशेषण दुसऱ्याने द्यायचं असतं. पात्राच्या तोंडी ते मुद्दाम घातलं असेल तर मराठीतही ती आढ्यता राहू द्या: ‘मला पुस्तकांतलं कळतं.’ जाहिरातीतला ‘फॉर द डिसर्निंग फ्यू’ हा तर गिऱ्हाइकाला चढवण्याचाच प्रयोग आहे, त्याला ‘मोजक्या दर्दींसाठी’ पुरे.

‘अनडिसर्निंग’ आणि ‘इंडिस्क्रिमिनेट’ यांतला फरक कुवत आणि कृती असा आहे. ‘अनडिसर्निंग’ माणसाला फरक कळत नाही: ‘पारख नसलेला’. ‘इंडिस्क्रिमिनेट’ ही कृती आहे, जी फरक न करता होते. करणाऱ्याला तो कळत असेलही. तिला मराठीत नेमका शब्द आहे, ‘सरसकट’. ‘इंडिस्क्रिमिनेट यूज ऑफ अँटिबायोटिक्स’ म्हणजे प्रतिजैविकांचा सरसकट वापर. गोळीबार किंवा हल्ला असेल तर ‘सरसकट’ऐवजी ‘अंदाधुंद’. ‘इंडिस्क्रिमिनेट रीडर’ मात्र ‘हाती येईल ते वाचणारा’ असंच सोडवून लिहा. त्याच्या आसपास ‘अनडिसर्निंग रीडर’ येत असेल तर त्याला ‘चांगलं-वाईट न कळणारा वाचक’ ठेवा. दोघांनाही ‘अविवेकी’ केलंत की फरक पुसला गेला.